आवाज बसवणारं तेल

शकुंतला, माझी बायको, गेली तेव्हा मी उशाशीच होतो. महिना उलटला. लोक येतात आणि म्हणतात, शांतपणे गेली, नशीबवान. मला हे पटत नाही. माणूस गप्प असलं म्हणजे सुखात असतं असं काही नाही...

नव्वद सालानंतर मी नाशिक–वणी टॅक्सी चालवायचो. गाडी जुनी, पेट्रोलची. शकुंतला देवळ्याच्या कांदेवाल्याची लेक, पण गाडी पंचवटीतल्या आमच्या गल्लीत वळली की आवाजावरनंच ओळखायची. "तुमची दुसरी बायको लय खोकतेय आज," म्हणायची. इंजिन झिजलं होतं. तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात, मागचा जेवढा मोठा तेवढं गरम इंजिनात तेल घट्ट राहतं. आम्ही वीस-चाळीस घालायचो. मिस्तरी म्हणाला, वीस-पन्नास टाका, आवाज बसेल. टाकलं, खडखड बसली. मी ऐटीत हिला गाडीत घालून गंगेवर, गोदाकाठी फिरवून आणलं. ही वाटभर इंजिनाकडं कान देऊन बसली. उतरताना म्हणाली, "बरी झाली, का नुसती गप्प केली?"

"गप्प केली," मी म्हणालो.

"मग तसं म्हणा."

पुढं आमच्या घरात तो शब्दच झाला. कोणी फार गोड बोलायला लागलं की ही माझ्याकडं बघून पुटपुटायची, "घट्ट तेल."

गेल्या साली तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले. पोरांनी ठरवलं, आईला सांगायचं नाही. घरी आणली, दुखण्याची इंजेक्शनं सुरू झाली आणि तिचं कण्हणं थांबलं. थोरला म्हणायचा, "आई, सुधारतेयस तू. चैत्रात देवीच्या गडावर जाऊ." ती नुसती मान हलवायची. एक दिवस पोरं बाहेर गेल्यावर तिनं मला विचारलं, "अहो, मला घट्ट तेल घातलंय ना?"

मी कधी गोड बोललो नाही, तेव्हा काय बोलणार होतो. "हो," म्हणालो. "इंजिन गेलंय."

ती म्हणाली, "तर ताईला बोलवा. बरी होणार असते तर भांडण राहू दिलं असतं."

देवळ्याची ताई तिची सख्खी बहीण. बाप शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा उगाच धावपळ नको म्हणून ताईनं हिला कळवलं नाही. ही पोचली तेव्हा राख झाली होती. तेव्हापासून बोलणं बंद.

ताई दुसऱ्याच दिवशी आली. इंजेक्शनची वेळ झाली होती, पण शकुंतला म्हणाली, "थांबवा. मला शुद्धीत भांडायचंय." पोरगा माझ्यावर ओरडला. मी दारात आडवा उभा राहिलो.

दुपारभर आतून आवाज येत होता. कण्हणं, रडणं, मध्येच शिव्या. "बापाचं तोंड दाखवलं नाहीस मला," ही म्हणायची. ताई म्हणायची, "तुला त्रास नको म्हणून गं." ही म्हणायची, "माझा त्रास माझा होता." तसलं कण्हणं मी जन्मात ऐकलं नव्हतं, तरी दारातून हललो नाही. दिवस कलला तशी तिनंच हाक मारली. घामानं भिजली होती आणि ताईचा हात धरलेला होता.

"झालं आमचं," म्हणाली. "आता घाला."

थोड्याच दिवसांत ती गेली.

तिची खाट मी हलवू दिली नाही. दिवसकार्य झाल्यावरही ताई अधूनमधून येते, त्याच खाटेवर भिंतीकडं तोंड करून झोपते आणि हळू आवाजात हिच्याशी भांडत राहते. मी मध्ये पडत नाही.