समेवरचा पाय

दुपारचं जेवण अंगावर आलंय. मुकुंद आठल्ये पलंगावर आडवा झालाय, छातीवर मोबाइल, मोबाइलमध्ये जॅझ गिटारचा आणखी एक फुकटचा धडा. संध्याकाळी क्लास आहे. ‘सर, सगळं बरोबर वाजतं, पण जॅझ वाटत नाही,’ म्हणून निम्मे विद्यार्थी सोडून गेलेत. उरलेल्यांना काय शिकवायचं ते त्याला ठाऊक नाही. सगळं इंटरनेट पालथं घातलं, कामाचं काही सापडेना. डोळे मिटतात.

मिटतात तोच तो पुस्तकांच्या दुकानात उभा आहे. गल्ल्यावर इनास लोपीस. वसईचे, त्याचे गिटारचे गुरू, मागच्या वर्षी वारलेले. जिवंतपणी कधी गोड बोलले नाहीत, आता कशाला बोलतील!

“सर, जॅझ शिकवायला एखादं पुस्तक द्या ना.”

“शिकवणार कोण?”

“मी.”

“लोकांनी तुझं काय वाईट केलंय रे?”

मुकुंदच्या डोक्यात तिडीक जाते. तो फळीवरचं एक पुस्तक ओढतो, उघडतो, तर आत लग्नाचा मांडव. वऱ्हाडी नाचायला उभे, गिटार मुकुंदच्याच गळ्यात, आणि इनास समोर खुर्ची टाकून बसलेत.

“वाजव.”

तो वाजवतो. पाय आपसूक पहिल्या मात्रेवर आपटतो. वऱ्हाडी एकमेकांवर अडखळतात.

“परत समेवर! तबलजीचं पोर ते तबलजीचंच.”

“माझ्या बाबांचं नाव काढायचं नाही!”

“काढणार. त्यांनीच पाय बिघडवला तुझा. एक सोड. दोनवर ये, चारवर ये. जॅझचा जोर तिथे असतो.”

“मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? नुसत्या शिव्या घातल्यात!”

“रोज सांगत होतो. तू लिहून घेत होतास.”

इनास उठतात. एक. दोनला त्यांचा बूट मुकुंदच्या अंगठ्यावर. तीन. चारला पुन्हा बूट. मुकुंद बोंबलतो, गिटार सुटत नाही, आणि मांडव मात्र पहिल्यांदाच झुलायला लागतो.

स्वतःच्याच ओरडण्याने त्याला जाग येते. उजव्या पायाचा अंगठा जांभळा पडलाय, टरारून सुजलाय.

“मेला तरी छळतोय थेरडा!” त्याला रडू येतं, आणि रडू येतंय याचाच जास्त राग येतो.

दारावरची बेल वाजते. विद्यार्थी. तो लंगडत जाऊन दार उघडतो.

“सर, पायाला काय झालं?”

उत्तर द्यायच्या आधी अंगठा ठणकतो. थांबतो. पुन्हा ठणकतो. मुकुंद मनात मात्रा मोजून बघतो. दोनला. चारला.

“गिटारी ठेवा खाली,” तो खेकसतो. “मी कण्हेन तिथे टाळी द्या.”