मोकळी प्रत
बंद वस्तूवर आमच्या लॅबमधल्या काकांइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या सोलापुरात सापडणार नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ते सहायक आणि मी शिक्षक. म्हणजे कळायचं त्यांना आणि पगार जास्त मला. चादर घ्यायला गेले की ते दुकानदाराला घडी पुरती मोडायला लावत, चारी कोपरे बघत आणि मगच घेत. माझ्या लग्नात आणलेला आहेरसुद्धा त्यांनी मांडवातच सोडला, आतलं घड्याळ चालतंय हे मला दाखवलं आणि पुन्हा बांधून हातात दिला.

फायलींचंही तेच. लॅबमधल्या चाळीस मशीनवर बसवायच्या सॉफ्टवेअरची पॅकेजं एका सर्व्हरवर असत. पॅकेज म्हणजे फायलींचं गाठोडं; ते मोकळं ठेवता येतं किंवा दाबून लहान करता येतं, आणि बसवणाऱ्या प्रोग्रॅमला दोन्ही चालतात. काका सगळी मोकळीच ठेवत. मी नुकताच एका कार्यशाळेला जाऊन आलो होतो, त्यामुळे मला जागेची ही उधळपट्टी सहन होईना. सगळी पॅकेजं दाबायला लावून मी चहाला गेलो आणि आल्यावर काकांना मोकळी पुसून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, "दाबल्याली उघडून बगितली का सर?" मी त्यांना दहा मिनिटं कॉम्प्रेशन समजावून सांगितलं. "व्हय सर," म्हणून ते कामाला लागले.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर नव्यानं बसवायची आमची पद्धत. त्या दिवशी पहिल्याच मशीननं सगळ्यात मोठं पॅकेज अर्धवट असल्याचं कळवलं. मी चहा पीत होतो तेव्हा सर्व्हरची डिस्क भरली होती आणि दाबायचं काम मध्येच थांबलं होतं. नेट बंद, परीक्षक दारात, पोरं व्हरांड्यात. त्यातल्या काहींचं वर्ष या एका पेपरवर अडलेलं. मी उगाच एक केबल काढून परत लावली. तेवढ्यात काकांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली स्वतःची हार्डडिस्क काढली. पुसण्याआधी त्यांनी मोकळी पॅकेजं तीत उतरवून घेतली होती, आणि अर्थातच उघडून बघितली होती. परीक्षा वेळेवर सुरू झाली. ही जादा प्रत ठेवायची कल्पना कुणाची, असं परीक्षकांनी कौतुकानं विचारलं, आणि माझ्या तोंडून "माझीच" असं निघून गेलं. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "व्हय, सरांनीच ठिवायला सांगितलं हुतं की," ते म्हणाले.

काका निवृत्त होऊन दुधनीला गेले. आता मी प्रत्येक दाबलेलं पॅकेज उघडून बघतो, शेजारी मोकळी प्रत ठेवतो आणि नव्या सहायकाला वैताग आणतो. दर दिवाळीला काकांना फोन करतो तो त्या सकाळची माफी मागायला. पण ते ज्वारीचं सांगतात, गुडघ्याचं सांगतात आणि माझं राहून जातं. यंदा मात्र मी मन घट्ट करून सुरुवात केली. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ते बांधल्यालंच ऱ्हाऊ द्या, सर."

आणि जेवलात का, म्हणून विचारलं. फोन ठेवल्यावर मला फार लाज वाटली. म्हणून ते गाठोडं आता मीच इथे सोडतोय: ती प्रत काकांची होती.