नवी बॅटरी

आमचे हे कारखान्यात फिटर होते. गल्लीत कुणाचा नळ गळला तरी पान्हा घेऊन धावायचे. पैसे मागायला मात्र जीभ रेटायची नाही. निवृत्त झाल्यावर मोटरसायकलही देऊन टाकायला निघाले. परदेशात कुठल्याशा खेड्यात मुलांचे आईबापच मिळून शाळा चालवतात म्हणे. ओळखीच्या शिक्षिकाबाई गाडी विकून पैसे तिकडे शाळेच्या छपरासाठी धाडणार होत्या.

"दानधर्म करा, पण घर धुऊन कशाला? नवी बॅटरी काढून ठेवा," मी ठणकावलं. यांनी मान खाली घालून जुनी बसवली.

महिन्याने बाई आभार मानायला आल्या. गिऱ्हाइकासमोर गाडी सुरूच झाली नाही, त्याने भाव पाडला, छपराला पैसे पुरले नाहीत. तरी त्यांनी फोटो आणला होता. उघड्या वर्गात तिथल्या आया हसत उभ्या होत्या.

"चूक माझी, बाई. मीच नीट तपासली नाही," हे म्हणाले.

मी कॉटवर बसले होते. नवी बॅटरी त्याच कॉटखाली होती. मी पदर सावरत राहिले.

बाई गेल्यावरही हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते, तर भांडता तरी आलं असतं.