दारामागची भिंत

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर झोप यावी म्हणून. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कुणीतरी बसतं... वाचून होईपर्यंत माझे डोळे मिटतात. बायकोला म्हणायचो, या भुतांना काही कामधंदे नसतात का? असा माणूस आज स्वतःहून लिहून राहिला आहे, ते काही हौसेनं नाही. ही गोष्ट एकट्यानं सांभाळून कंटाळा आला, एवढंच.

मी लातूरला एका शाळेत चित्रकला शिकवतो. पण गावात मला चित्रकार कुणी म्हणत नाही, मी ‘डायग्रामवाले सर’. क्लासेसच्या बायोलॉजीच्या नोट्ससाठी सोळा वर्षं मी हृदय, किडनी, नेफ्रॉन, फुलाचा उभा छेद काढून देतो आहे. मुदखेड, भोकर, धर्माबाद, कुठून कुठून पोरं नीटसाठी लातूरला येतात आणि सगळ्यांच्या नोट्समध्ये माझंच हृदय. या कामाला नियम एकच: स्वच्छ रेषा, शेडिंग चालत नाही. शेडिंग मी बघतो ते फक्त शाळेतल्या पोरांचं. तेही इतकं तपासलंय, की तिरप्या रेषांचा कल बघून पोरगं डावखुरं आहे का ते सांगतो. स्वतःचं म्हणून एखादं चित्र शेवटचं कधी काढलं, ते आठवत नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. औसा रोडला आमचं घर आहे. वरच्या खोलीत नीटची दोन पोरं भाड्यानं राहायची, ती लॉकडाऊनमध्ये गावी गेली होती. त्या खोलीत माझी रवानगी झाली. भिंतीवर पोरांनी चिकटवलेलं पीरियॉडिक टेबल, त्याखाली स्केचपेननं मोठ्ठं ७२०, म्हणजे नीटचे पैकीच्या पैकी मार्क. वर्षा, म्हणजे माझी बायको, जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायची, दोनदा टकटक करायची आणि खाली जायची. ताप एकशे एक, तोंडाला चव नाही. मोबाईलवर जो तो उपदेश करून राहिला होता — घरी बसून क्रिएटिव्ह राहा, रोज एक चित्र काढा, स्टेटसला ठेवा. एका क्लासच्या सरांचा मेसेज आला, ‘सर, घरीच आहात तर मेंदूचा छेद होऊन जाऊ द्या.’ मी मोबाईल पालथा घातला.

खरी काळजी वेगळीच होती. आई नांदेडला दादाकडं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाकडं असते. त्याच आठवड्यात तिलाही कोरोना निघाला. दादानं तिला मागच्या खोलीत ठेवलं. वहिनीला शुगर आहे, त्यामुळं दार लावणं भागच होतं. पण दार लावलं की आई ओरडायची.

“काहीच खात न्हाई रे,” दादा फोनवर म्हणाला. “आज तिसरा दिवस. म्हणती, दार उघडा, मला कोंडू नका.”

“दवाखान्यात नेतोस का?”

“बेड कुठंय? डॉक्टर म्हणले, पोटात अन्न न्हाई तर नुसत्या गोळ्या काय करतील. ऑक्सिजन एक्याण्णव दाखवून राहिलाय. तू बोल तिच्याशी, तुझं ऐकती.”

मी बोललो. आईनं एवढंच विचारलं, “तुलाबी कोंडलं का रे?” आणि फोन दादाकडं दिला.

आई बंद दाराला एवढी का घाबरते, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बोलत कुणी नाही. इथं मात्र सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आईचं माहेर औसा तालुक्यात. ते गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. त्या वर्षी मी दहा वर्षांचा होतो. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या उठल्यावर आई मला घेऊन माहेरी गेली. पोचलो तर तिच्या धाकट्या बहिणीला, नलूमावशीला कांजण्या निघालेल्या. मावशी एकोणीस वर्षांची, माझ्यावर फार जीव. आईनं पायातली चप्पल काढायच्या आधी फर्मान काढलं — हिला आतल्या खोलीत ठेवा, माझ्या पोराला लागंल. आजीला ते पटलं नव्हतं, पण आईपुढं कुणाचं काही चालत नसे. आईला लहानपणी कांजण्या येऊन गेलेल्या, म्हणून ताट घेऊन आत जायची ती एकटीच, तेही नाकाला पदर लावून. मला फक्त उंबऱ्यापर्यंत परवानगी.

घर माळवदाचं, वर मातीचं छत, दोन हात जाड भिंती. आतल्या खोलीला खिडकी नव्हती, छताला एक साणं, तेवढ्यातून काय येईल तो उजेड. मावशीला करमेना. तिनं चुलीतले कोळसे मागवून घेतले आणि महालक्ष्म्यांसाठी नुकत्याच पोतारलेल्या पांढऱ्या भिंतीवर चित्रं काढायला लागली. रोज एक. दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, मला उंबऱ्यावरून दिसावं म्हणून. “उद्या काय काढू रे?” ती विचारायची. मी म्हटलं, यष्टी काढ. दुसऱ्या दिवशी भिंतीवर यष्टी हजर आणि खिडकीत मी. चित्र म्हणजे काय हे मी त्या उंबऱ्यावर शिकलो. डिप्लोमाला फक्त सर्टिफिकेट मिळालं.

पाचव्या दिवशी आम्ही नांदेडला परत निघालो. जाताना आई तिला म्हणाली, “अजून चार दिवस भाईर येऊ नको.” त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. आप्पा, म्हणजे आजोबा, आणि आजी अंगणात झोपले होते, ते वाचले. मावशी आत होती.

आई तेव्हा काय म्हणाली, किती रडली, मला आठवत नाही. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही खोलीचं दार ती लावू देत नाही, एवढं माहीत आहे.

तर त्या दुपारी दादाचा फोन झाला आणि मला काही सुचेना. नांदेडला जाता येत नाही, बोलावं तर खोकला. म्हटलं, आपल्याला येतं काय? रेघा मारता येतात. मावशीची खोली काढून आईला पाठवावी, भिंतीवरची यष्टी बघून दोन घास तरी खाईल. आता वाटतं, केवढा मूर्खपणा... ज्या खोलीनं बहिणीचा जीव घेतला तीच आईला दाखवायची. पण तापात सुचलं ते हेच.

झेरॉक्सचा कागद घेतला, नेहमीचं काळं पेन घेतलं आणि उंबऱ्यावरून दिसायची तशी खोली काढायला बसलो. मला डायग्रामची सवय. हात चालत असतो, मन भलतीकडंच. पूर्ण चित्राकडं मी बघतच नाही. शेवटी भागांना नावं द्यायच्या रेषा ओढायला पट्टी घेतो, तेव्हा पहिल्यांदा नीट बघतो. त्या दिवशीही पट्टी घेतली, बघितलं आणि थांबलो.

चित्रात समोर दार होतं.

खोली आतून काढलेली होती. अंथरुणावर बसून दाराकडं बघितल्यावर दिसेल तशी. दार उघडं, उंबऱ्यापलीकडं चड्डीतलं पोरगं उकिडवं बसलेलं. यष्टी कुठंच नाही. आणि दाराला लागून जी भिंत, म्हणजे बाहेर उंबऱ्यावर बसणाऱ्याला जी कधीच दिसत नाही, तिच्यावर कोळशानं काढावी तशी एक बाई. हातात ताट, नाकाला पदर, कपाळाला आठ्या. खोलीचं सगळं नुसत्या रेषांचं काम, पण त्या बाईला भरपूर शेडिंग.

काढलं मीच होतं, त्यात शंका नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, बोटांना शाई लागलेली. पण असं काही काढायचं मी ठरवलं नव्हतं. अंगात ताप होता, जास्त डोकं चालवायची ताकद नव्हती. फोटो काढला आणि दादाला पाठवला, आईला दाखव म्हणून.

दहा मिनिटांत व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आईचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा.

“ही भिंत तू कवा बघितलीस?”

“न्हाई बघितली, आई. मला आत कुठं सोडायचीस तू?”

“मग ही बाई कुणी सांगितली तुला?”

“कुणीच न्हाई.”

आईला धाप लागली होती. मग थांबत थांबत तिनं सांगितलं. आम्ही निघालो त्या सकाळी ती ताट घेऊन आत गेली, तर मावशीनं दारामागच्या भिंतीवर तिचंच चित्र काढून ठेवलेलं. ताट, पदर, आठ्या, सगळं.

“नव्या पोताऱ्यावर कोळसा, अन वर माझी टिंगल. माझं डोस्कं फिरलं. ओलं फडकं घेतलं अन पुसून काढलं. ती हसून राहिली होती रे... म्हणली, पूस अक्का, पूस. मी परत काढते.”

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दादाला नाही, बाबा होते तोवर बाबांनाही नाही. सत्तावीस वर्षं.

“कोंडलं ते कोंडलं,” आई म्हणाली, “पर जाताना तिचं चित्रबी ठिवलं न्हाई मी. वाटायचं, माझ्यावर राग धरूनच गेली असंल.”

मला रडू आलं. आईला दिसू नये म्हणून मोबाईल पीरियॉडिक टेबलाकडं फिरवला.

“दार उघडं काढलंस,” आई म्हणाली.

“हाव.”

“दिवसा उघडंच असायचं. तू बसायचास की तिथं.” मग जरा आवाज काढून वहिनीला विचारलं, “काय केलंय गं आज?”

वरण-भात होता. पाच-सहा घास खाल्ले म्हणे. संध्याकाळी वहिनीनं भीत भीत विचारलं, दार लावू का? आई म्हणाली, “लाव बाई. तुला लागंल.” चौथ्या दिवशी ऑक्सिजन पंचाण्णववर आला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. कधीतरी आईचा डोळा चुकवून मी आत डोकावलो असेन. कधी आई झोपेत बरळली असेल, ते माझ्या कानावर पडलं असेल. डोकं काय काय साठवून ठेवतं. हे मी मान्य करायला तयार आहे, किंबहुना मला तेच हवं आहे.

पण पंधरा दिवसांनी खाली आलो. शाळेतल्या पोरांची ऑनलाइन आलेली चित्रं तपासत बसलो होतो आणि सहज तो कागद पुन्हा हातात घेतला. त्या बाईच्या पदराच्या, ताटाखालच्या सावलीच्या सगळ्या तिरप्या रेषा वर जाताना डावीकडं झुकलेल्या. मी उजव्या हाताचा. माझ्या रेषा आयुष्यात तशा पडल्या नाहीत. कागद फिरवून मारता येतात, पण मग रेघेचं टोक वेगळं येतं. तसं करून बघितलं, दहा वेळा बघितलं. जमलं नाही. दार माझं, उंबरा माझा, ते पोरगंही माझं. ती बाई माझ्या हातची नाही.

आईला फोन लावला. “आई, मावशी कुठल्या हातानं काढायची?”

“डाव्या. आप्पा मारायचे तिला, डाव्या हातानं जेवती म्हणून. का रे?”

“काही न्हाई, असंच,” म्हटलं.

तिला ते सांगितलं नाही. तिला काय पाहिजे होतं ते मिळालं होतं, उगाच परत कशाला ढवळा. क्लासेस सुरू झाले, माझी हृदयं आणि नेफ्रॉन सुरू झाले. अधूनमधून शिक्षक मित्रांना आडून विचारतो, उजव्या हाताच्या माणसाची रेघ तापात बदलते का हो? ते हसतात.

चित्र नांदेडला आहे. आई बरी झाली, पण थकली आता. दादा फ्रेम करून हॉलमध्ये लावणार होता, आईनं मागच्या खोलीत दारामागच्या भिंतीवर लावायला सांगितलं. परवा गेलो तर काचेवर ही धूळ. वहिनीला म्हटलं, जरा ओलं फडकं मारायचं ना. वहिनीनं आईकडं बोट दाखवलं.

“तिला न्हाई म्हणून सांगितलंय मी,” आई पलंगावरून म्हणाली. “एकदा पुसलं तेवढं बास झालं.”