शंभरटक्केंनी केलेला एकमेव बिघाड

आमच्या गल्लीत रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करणारे जे गृहस्थ आहेत, त्यांना सगळे 'शंभरटक्के' म्हणतात. वस्तू परत देताना ते "शंभर टक्के दुरुस्त!" असं म्हणतात आणि काढलेला खराब भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतात. नुसती फुंकर मारून दिली, असं उद्या कोणी म्हणायला नको. त्यांच्या दुकानातलं एकुलतं एक स्टूल कित्येक वर्षं माझ्या ताब्यात आहे, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांदेखतचं. तिखटमीठ असलंच तर ते माझं.

अशा माणसाच्या पोटी मुलगी निघाली ती रॉक बँडवाली. ती गिटार वाजवते आणि गाते. दातांचा एक डॉक्टर बेस गिटार वाजवतो. ड्रमवर मोटार शिकवणारी बाई. दिवसभर गिळलेला राग ती तिथे काढते. अकरा वर्षांत एकाही कंपनीने त्यांना दारात उभं केलं नाही. रेकॉर्डी यांनीच काढायच्या, जेवणाच्या टेबलावर बसून पाकिटं चिकटवायची आणि टपालात टाकायची. पण त्यातून नाव झालं. का झालं? तर पोरीच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून गिटारचा आवाज खर्रर्र करत येतो, दाबून धरलेलं रडू फुटावं तसा. तेवढ्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. आता स्पीकरचा कागद फाटलाय, यात टाळ्या कसल्या?

शंभरटक्केंना ती खरखर दातात अडकलेल्या काडीसारखी छळायची. चौथ्या रेकॉर्डचं काम उद्यावर आलं, तेव्हा पोरीने अ‍ॅम्प्लिफायर बापाकडे आणून दिला, तोही फक्त वायर बदलायला. बापाने वायर बदलली आणि प्रेमाच्या भरात स्पीकरही बदलला.

दुपारी तिने येऊन तार छेडली. आवाज कसा, तर न्हाऊन, भांग पाडून उभा!

"बाबा, काय केलंत हे?"

"शंभर टक्के…"

ती मटकन खाली बसली. "हा आवाज कोणाचाही असेल, आमचा नाही. उद्या काय वाजवू मी?"

"अगं, ती खरखर होती!"

"लोक तीच ऐकायला येतात."

"मग माझ्या दुकानात पाठव त्यांना. इथे ढिगाने आहे."

मी हसलो. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी छताचा पंखा न्याहाळू लागलो.

शंभरटक्केंनी सवयीप्रमाणे पिशवी पुढे केली. जुना स्पीकर आत सुखरूप होता.

"परत बसवा," ती म्हणाली.

"खराब माल? माझ्या हाताने?"

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. "चाळीस वर्षं मला दुरुस्त करताहेत," त्या लेकीला म्हणाल्या, "तुझं खोकं कसं सोडतील?"

शंभरटक्केंनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला.

स्पीकर बसला. तिने तार छेडली. खरखर नाहीच! नुसतं नाकात बोलल्यासारखं काहीतरी. पोरीचे डोळे भरले, बापाचा चेहरा पांढरा पडला. मग एकदम त्यांनी कपाळाला हात लावला. "खालचा स्क्रू! काढताना डुगडुगत होता. मी आवळला की!"

तो सैल करायचा, बस. पण हात उलटा फिरेना. दोनदा त्यांनी सवयीने आणखी घट्टच केला. शेवटी डोळे मिटून अर्धा फेरा सोडला. तार वाजली. नाही. आणखी पाव फेरा.

खर्रर्र!

"बिघडला!" शंभरटक्के असे ओरडले की समोरच्या शिंप्याने मान बाहेर काढली. "बिघडला एकदाचा!" पोरीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. सुटल्यासारखं वाटून ते धपकन बसले, तेही माझ्या स्टुलावर. चहा मी उभ्याने घेतला.

रेकॉर्ड निघाली. पाकिटावर आतल्या बाजूला कोणी काय वाजवलं ते छापलंय. शेवटची ओळ: 'बिघाड: बाबा.' ते पाकीट आता दुकानात काचेच्या चौकटीत टांगलंय. परवा एका बाईंनी ते वाचलं आणि मिक्सर काखोटीला मारून तडक निघून गेल्या.

"जाऊ दे," शंभरटक्के म्हणाले, आणि चौकटीवरची धूळ पुसू लागले.