घागरीवरचा आळ

पारूच्या डाव्या कडेवर घागर अशी बसायची, की वस्तीतल्या सासुरवाशिणी बघत राहायच्या. बाकीच्यांना हातानं घागर आवळून धरावी लागे. पारू मात्र हात मोकळे सोडून, हातवारे करत, गप्पा हाणत चालायची आणि घागरीतला थेंब सांडायचा नाही. औश्याजवळच्या त्या वस्तीला पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागे, त्यामुळे हा गुण मोठाच. फक्त घागर उतरवून ठेवल्यावरही पोरगी तशीच डावीकडं कललेली उभी राहते, हे हळूहळू लोकांच्या नजरेत यायला लागलं.

नजरेत आलं म्हटल्यावर कारण सापडायला कितीसा उशीर? म्हातारी पार्वतीबाई म्हणजे वस्तीची बिनपगारी वैद्य. पोटदुखीपासून नवऱ्याच्या रागापर्यंत सगळ्यावर तिच्याकडं उपाय. तिनं पारूला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि निकाल दिला.

"ल्हानपनापसून एकाच कडेवर घागर! वाकंल न्हाई तर काय व्हईल? आता उजव्या कडेवर घे म्हनावं. आपसूक सरळ व्हईल."

झालं. पारूनं घागर उजवीकडं घेतली आणि वस्तीला रोजचा तमाशा मिळाला. उजव्या अंगाला घागर टेकायला जागाच उरली नव्हती. ती घसरायची, आदळायची, पाणी मातीत जायचं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, घागरीला इतके पोचे आले, की तिच्यापेक्षा पारू सरळ दिसायला लागली. बायका हळहळायच्या, पण पोरीपेक्षा पाण्यासाठीच जास्त. शेवटी पारूची आई, सरजाबाई, कडाडली, "आजपसून घागरीला हात लावायचा न्हाई! पानी म्या आनीन." तेव्हापासून घरचं सगळं पाणी ती एकटी वाहू लागली.

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणीच बोलत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात सरजाबाई खडी फोडायला जायची. खडीच्या ढिगाआड तीन दगडांची चूल मांडून तिनं रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या कण्या शिजत ठेवल्या होत्या. मुकादमानं हजेरीला हाक मारली, म्हणून ती उठून गेली. चुलीशी बसलेली चिमुकली पारू भुकेलेली. तिनं पातेल्यातला डाव ओढला आणि उकळतं पातेलं तिच्या डाव्या अंगावर कलंडलं. जखम बऱ्याच दिवसांनी भरली, पण काखेपासून कमरेपर्यंत कातडी आवळून बसली. पुढं अंग वाढत गेलं, कातडी मात्र वाढायला तयार नव्हती.

त्या दिवसाबद्दल सरजाबाई कधी चकार शब्द बोलली नाही. घागरीचं कारण निघालं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण त्या चुलीशी परत आलेल्या आईच्या जागी क्षणभर उभं राहावं, मग हसू पळून जातं.

पारूला सारं कळत होतं. वेणी घालायला डावा हात वर नेला, की कुशीत ओढ बसायची आणि अख्खं अंग त्या बाजूला जायचं. तरी आई घागरीला शिव्या घालू लागली, की पारूही आपल्या दोन शिव्या वर घालायची. आईच्या जिवाला बरं वाटत असेल, तर घागरीचं काय जातंय? वाईट फक्त विहिरीचं वाटायचं. सगळ्या पोरी तिथं. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, सगळ्या खबरी तिथं. आणि ही बोलकी पोर घरात चुलीशी एकटी बोलत बसायची.

तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. पारूचा बाप ग्यानोबा मिरवणूक बघून आला, तो जणू स्वतःच जिल्हा करून आल्यासारखा. आधी बारीकसारीक कामाला उस्मानाबाद गाठावं लागे, आता एस.टी.त नीट बसेपर्यंत लातूर येत होतं. पुढं पावसानं दगा दिला, विहीर तळाला गेली, पण ग्यानोबाचा जिल्ह्यावरचा विश्वास हलला नाही.

"जिल्हा झालाय, तर कायतरी कामाला यावा की आपल्या," म्हणत त्यानं पारूला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पारूला हात वर करायला लावला, कूस दाबून बघितली आणि सांगितलं, "पिशवीला एका बाजूनं टाका ओढून घातला की पिशवी वाकडी होते ना, तसं झालंय. हा व्रण सोडवून तिथं मांडीची कातडी लावावी लागेल. पण उंची वाढतेय तोवरच. एकदा हाडं पक्की झाली, की पाठीचा वाक कायमचा. आणि नंतर कित्येक महिने आईनं हिला फार जपावं लागेल. आईला घेऊन या."

आई यायला तयार होईना. "कापाकापी कशाला? घागर सोडलीय. व्हईल सरळ." ग्यानोबानं समजावलं, चिडला, दोन दिवस जेवला नाही. ती हलली नाही.

दर अमावस्येला सरजाबाई पारूला भिंतीला पाठ लावून उभी करायची, सरळ होतेय का बघायला. दर वेळी म्हणायची, "फरक हाय जरासा." या खेपेला ती नुकतीच पाण्याची खेप टाकून आली होती, अजून धापत होती. पारूचा डावा खांदा पार खाली गेला होता. घागर सुटून दोन वर्षं होऊन गेली होती.

"फरक हाय का गं?" पारूनं विचारलं.

सकाळी सरजाबाईनं भाकरी बांधली आणि म्हणाली, "चल लातूरला."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं भाजलं होतं?" पारूनं घाईनं सुरुवात केली, "मीच डाव वडला..." सरजाबाईनं तिला थांबवलं.

"म्या सांगते. चूल माजी हुती, बाई. पोरीला उपाशी ठिवून हजेरीला गेल्ते. घागरीनं काय केलं न्हाई." मग तिनं विचारलं, "कापायचं कवा?"

बाई तारीख बघायला आत गेल्या. सरजाबाईनं पारूचं पोलकं बाजूनं वर सारलं आणि त्या कातडीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत तिनं तिथं कधी हात लावला नव्हता. तेलसुद्धा पार्वतीबाईच लावायची. आता ती काखेपासून कमरेपर्यंत हात फिरवत राहिली, आणि डोळे पुसायला दुसरा हात वापरायचंही तिला सुचेना.

त्या जागेला काही जाणवायचं केव्हाच बंद झालं होतं. आईचा हात दिसत होता, म्हणून पारूला कळत होतं.

"आये, पुरं की," ती अंग चोरत खिदळली, "गुदगुल्या व्हत्यात मला."