कुलूप ओढून गेलेली

लग्नानंतर आम्ही विक्रोळीच्या एका चाळीत पहिल्या मजल्यावर राहायचो. नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला, भल्या पहाटेच बाहेर पडायचा. मुलुंडच्या एका शाळेत मी टायपिस्ट होते. खोलीला कुलूप लावणं माझ्याकडे असायचं, आणि तिथंच माझी वाट लागायची.

बसस्टॉपवर पोचले की शंका सुरू व्हायच्या. स्टोव्ह विझवला का? कुलूप नीट बसलं का? मी माघारी फिरायची, कुलूप ओढून बघायची, पुन्हा स्टॉप गाठायची. बस चुकायची. शाळेत उशिराचे शेरे मिळायचे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? विसरून जा ना!"

श्रावणातली सकाळ होती. लख्ख ऊन पडलेलं. मी स्टॉपवरून परत आले. शेजारच्या मालवणी आजी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"गो, परत कशाक इलंस? आत्ताच तर कुलूप वढून गेलंस."

"मी? मी आत्ता येतेय, आजी."

"तूच होतंस. हीच साडी. मी हाक मारलंय, तर माझ्याकडे बघूक पण नाय."

मी दाराकडे पाहिलं. वारा अजिबात नव्हता. कडीतलं कुलूप मात्र हळूहळू झुलत होतं.

हात लावायचं धाडस होईना. मी आजींच्या उंबऱ्यावर बसले आणि रडत सगळं सांगून टाकलं, स्टोव्हचं, कुलपाचं, रोजच्या फेऱ्यांचं. त्या हसल्या नाहीत. पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तू जातंस आंगान. जीव तुजो हंयच रवता दारात. उद्यापासून कुलूप लावलंस काय तेका मोठ्यान सांग, चल माझ्यावांगडा."

दुसऱ्या दिवशी मी कुलूप लावलं, हातात धरून नीट पाहिलं आणि लाजत म्हटलं, "चल माझ्याबरोबर." स्टॉपवर शंका आलीच. पाय मागे वळत होते. पण बस आली आणि मी चढले. दिवसभर टायपिंगमध्ये चुका केल्या. संध्याकाळी येऊन बघते तर खोली जशीच्या तशी.

महिन्याभरात माघारी फिरणं जवळजवळ थांबलं. काळजी पूर्ण गेली नाही, अजूनही नाही. पण ती आली तरी मला चालता येऊ लागलं.

एकदा आजींना विचारलं, "आता दिसत नाही ना ती?"

"दारात दिसणा नाय," त्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. "पण सकाळी तू जिन्यान उतरतंस ना, तेवा दोघींच्या चपलांचो आवाज येता."

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना सवयीनं मधोमध चालत होते. मग भिंतीकडे थोडी सरकले.